द्विध्रुवीय नैराश्यातील पूरक औषधांची चाचणी

बायपोलर विकारातील नैराश्य लिथियमसारख्या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधानेही हटत नसेल, तर मूळ औषध चालू ठेवून त्याला दुसऱ्याची जोड देतात. ही जोड उपयोगी पडते का, हे चाचणीत पाहतात. काही रुग्णांना पूरक औषध, इतरांना हुबेहूब दिसणारी निष्प्रभ गोळी मिळते. कोणाला काय मिळाले, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसते.

अनुभवावर विसंबणे येथे धोक्याचे आहे. अमेरिकेतील ‘स्टेप-बीडी’ चाचणीत (२००७) ३६६ रुग्ण होते. पॅरॉक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑनची जोड मिळालेल्यांपैकी २३.५ टक्के टिकाऊपणे सावरले. निष्प्रभ गोळीवरचे २७.३ टक्के! ब्रिटनच्या ‘सीक्वेल’ चाचणीत (२०१६) क्वेटायपिनला लॅमोट्रिजिनची जोड लाभदायक दिसली. मात्र सोबत फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत तो लाभ आढळला नाही. साध्या जीवनसत्त्वाच्या गोळीचीही नोंद का हवी, ते यावरून कळते.

भारतात २००९ पासून चाचणीची आगाऊ नोंदणी बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई मिळते. रुग्ण केव्हाही बाहेर पडू शकतो. तो बाहेर पडला म्हणून त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.