१६९.२५४चा पत्ता कुणी दिला?

विंडोज सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये २०१६९ क्रमांकाची एक नोंद सापडते. ती लिहिणारा घटक ‘रिमोटअ‍ॅक्सेस’. आशय असा, की नेटवर्कवरच्या संगणकांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरशी संपर्क होत नाही. म्हणून डायल-इन करून येणाऱ्यांना १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिला जाईल आणि त्यांना नेटवर्कवरची साधने कदाचित वापरता येणार नाहीत. त्याच घटकेला दूर बसलेल्या माणसाला वेगळेच दिसते. जोडणी होते, पासवर्ड मान्य होतो, पण ऑफिसातली एकही फाइल उघडत नाही. मग संशय जातो त्याच्या मॉडेमवर, नाहीतर त्याच्या संगणकावर. उपलब्ध कागद तारीखवार लावले, तर हा संशय टिकत नाही.

पहिला कागद मे १९९२चा, आरएफसी या इंटरनेट-दस्तऐवजांच्या मालिकेतला १३३२ क्रमांकाचा. लेखक ग्लेन मॅकग्रेगर. टेलिफोनच्या तारेवरून पीपीपीने जोडलेल्या दोन टोकांनी आयपी पत्ता कसा ठरवायचा, हे त्यात आहे. ज्याच्याकडे पत्ता नाही त्याने चारही आकडे शून्य लिहून पाठवायचे. समोरच्याने ते नाकारून, नकारातच योग्य पत्ता लिहून परत करायचे. दूरच्या संगणकाला पत्ता मिळतो तो या देवघेवीतून. डीएचसीपीचे नावही त्यात नाही, आणि असणार तरी कसे? राल्फ ड्रोम्स यांचा डीएचसीपीवरचा आरएफसी १५३१ प्रसिद्ध झाला ऑक्टोबर १९९३मध्ये. संपादनात त्यात चुका शिरल्या, म्हणून त्याच महिन्यात तो १५४१ या क्रमांकाने पुन्हा काढावा लागला. सुधारित आवृत्ती, आरएफसी २१३१, मार्च १९९७ची.

दोन व्यवस्था अशा वेगवेगळ्या जन्मल्या. त्यांचा सांधा कुठे जुळवला, हे विंडोज २००० सर्व्हरच्या रिसोर्स किटमध्ये स्पष्ट लिहिले आहे. रिमोट अ‍ॅक्सेस सेवा सुरू होताना सर्व्हर स्वतःच डीएचसीपीकडून दहा पत्ते मागून घेतो. पहिला स्वतःसाठी ठेवतो, उरलेले येणाऱ्यांना वाटतो; सगळे संपले की आणखी दहा आणतो. आणि सेवा सुरू होताना डीएचसीपी सापडलाच नाही, तर तेवढेच पत्ते १६९.२५४.०.१ ते १६९.२५४.२५५.२५४ या पट्ट्यातून घेतले जातात. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक पुरावा हाच. डीएचसीपीकडे मागणी सर्व्हरने केली, रिकाम्या हाताने परत आला तो सर्व्हर, आणि दूरच्या माणसाच्या हाती पडला तो त्या अपयशाचा परिणाम. त्याचा संगणक पत्त्यासाठी डीएचसीपीशी बोललेलाच नसतो.

दुसरा, स्वतंत्र साक्षीदारही आहे. अशा सर्व्हरने घेतलेले पत्ते डीएचसीपीच्या लीज यादीत, म्हणजे दिलेल्या पत्त्यांच्या यादीत, ‘आरएएस’ या अक्षरांच्या खुणेने नोंदलेले असतात. म्हणजे मागणारा कोण, हे देणाऱ्याच्या वहीतही लिहिलेले असते.

हा १६९.२५४ आला कुठून? विंडोज ९८ आणि मॅक ओएस ८.५ ही दोन्ही १९९८ची. डीएचसीपी नसेल तर संगणकाने स्वतःच पत्ता निवडावा, ही सोय त्यांत होती. हेतू साधा आणि चांगला. एका खोलीतले दोन-चार संगणक तारेने जोडले, की कुणी काही न भरता ते एकमेकांशी बोलावेत. मे १९९९च्या आरएफसी २५६३मध्ये रायन ट्रोल यांनी हे वर्तन नोंदवले आणि ते डीएचसीपीतून बंद करण्याचा पर्यायही दिला. या पत्त्यांचे सविस्तर मानक मात्र मे २००५चे, आरएफसी ३९२७. लेखक स्टुअर्ट चेशायर, बर्नार्ड अबोबा आणि एरिक गुटमन. आधीच्या विंडोज आणि मॅकचे वर्तन त्याच्या परिशिष्टात उतरवून ठेवले आहे. या मानकात पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे २५६-२५६ पत्ते राखीव आहेत. रिसोर्स किटमध्ये अशी राखण दिसत नाही. मानकाच्या आधीच वहिवाट पडली होती, हे एवढ्या तफावतीवरूनही कळते.

त्याच मानकाचा कणा म्हणजे एक नियम: हे पत्ते एकाच तारेपुरते, राउटरने ते पुढे पाठवू नयेत. एका खोलीसाठी शोधलेला पत्ता रिमोट अ‍ॅक्सेसमध्ये गावाबाहेरच्या माणसाला मिळतो. त्याची तार सर्व्हरपाशी संपते, म्हणून सर्व्हरपर्यंत सारे सुरळीत. पलीकडच्या फाइल सर्व्हरला मात्र हा पत्ता आपल्या नेटवर्कातला वाटत नाही आणि उत्तर परतायला वाट उरत नाही. ‘जोडले तर आहे, पण काहीच चालत नाही’ या तक्रारीचे मूळ इथे आहे.

म्हणून तपास सर्व्हरवर सुरू करावा. त्यात दोन नेटवर्क कार्डे असतील, एक इंटरनेटकडे आणि एक आत, तर डीएचसीपीसाठी कोणते निवडले आहे ते आधी पाहावे. निवड सर्व्हरवरच सोडली असेल, तर तो बाहेरचे कार्ड धरू शकतो आणि तिकडे उत्तर द्यायला कुणी नसते. डीएचसीपीच्या स्कोपमध्ये, म्हणजे वाटायच्या पत्त्यांच्या पट्ट्यात, पुरेसे पत्ते शिल्लक आहेत का, हेही मोजावे. डीएचसीपी दुसऱ्या सबनेटमध्ये असेल, तर मधल्या राउटरवर मागणी पुढे पोचवणारा रिले हवा, कारण पहिली हाक ब्रॉडकास्ट असते आणि राउटर ती आपण होऊन पुढे नेत नाही.

इथे एक गफलत होते. रिमोट अ‍ॅक्सेस सर्व्हरवरच्या डीएचसीपी रिले एजंटकडून पत्त्याचा प्रश्न सुटेल, असे समजले जाते. त्याचे काम आरएफसी २१३१मध्ये आलेल्या ‘इन्फॉर्म’ या संदेशापुरते: पत्ता आधीच मिळालेल्या संगणकाला डोमेनचे नाव वगैरे उरलेली माहिती मिळवून देणे. पत्ताच चुकला असेल, तर रिले एजंटचा उपयोग नाही.

डीएचसीपी परत चालू झाल्यावर रिमोट अ‍ॅक्सेस सेवा थांबवून पुन्हा सुरू करावी, म्हणजे तिला नव्याने पत्ते मागावे लागतात. मग लीज यादी उघडावी. ‘आरएएस’ खुणेच्या ओळी तिथे आल्या असतील, तर दूरच्या माणसाला पुन्हा फोन लावायला सांगावे. आल्या नसतील, तर त्याच्या मॉडेमला हात लावू नये. कार्ड, स्कोप आणि राउटर पुन्हा तपासावेत.