क्लच-दोषनिदान, जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्ह मोटारींतील

ज्या मोटारीत इंजिनाचा जोर कायम चारही चाकांना जातो, तिच्यातील क्लचच्या तक्रारींचे मूळ गिअरबॉक्स न उतरवता शोधून काढण्याची रीत. तक्रारी मुख्यतः चार: क्लच घसरतो, क्लच सुटत नाही, गाडी उचलताना थरथरते, पेडलबरोबर आवाज येतो. साध्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत यांपैकी बहुतेक तक्रारींचा माग क्लचपाशीच संपतो. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मात्र मधला डिफरन्शियल, प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, इतकेच काय टायरसुद्धा क्लचचे सोंग घेतात. ते ओळखता आले नाही, तर चांगली प्लेट भंगारात जाते आणि दोष गाडीतच राहतो.

या नोंदीत उदाहरण आहे ते मॅन्युअल गिअरच्या जुन्या सुबारू मोटारींचे. जपानच्या फुजी हेवी इंडस्ट्रीजने (२०१७ पासून सुबारू कॉर्पोरेशन) १९७२ मध्ये लिओन या गाडीची चारचाकी चालनाची आवृत्ती आणली. तिच्यात मागची चाके हवी तेव्हा जोडायची सोय होती. पुढे लेगसी (१९८९), इम्प्रेझा (१९९२) आणि फॉरेस्टर (१९९७) या गाड्यांनी कायमस्वरूपी ऑल-व्हील-ड्राइव्ह सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणला. फुजी हेवीत जनरल मोटर्सची भागीदारी होती त्या काळात, म्हणजे २००० नंतरच्या दशकात, फॉरेस्टर भारतात शेव्हरोले या नावाने विकली गेली. त्यामुळे इथल्या काही गॅरेजांनाही ही रचना परिचयाची आहे.

रचना अशी. आडव्या सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन गाडीच्या नाकात लांबीच्या दिशेने बसते. त्यामागे फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्स. पुढच्या चाकांचा डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच कवचात असतो. गिअरबॉक्सच्या शेपटीकडे मधला डिफरन्शियल आणि त्याला जोडलेले व्हिस्कस कपलिंग असते. तिथून प्रॉपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडे जातो. सरळ रस्त्यावर जोर पुढे-मागे निम्मा-निम्मा वाटला जातो. जिप्सी किंवा महिंद्राच्या जीपमध्ये चारचाकी चालन दांड्याने तोडता येते, त्यामुळे फोर-व्हील काढून गाडी फिरवली की निम्मे निदान होते. सुबारूत तो दांडा नाही. चाचण्यांचा क्रम नीट ठरवावा लागतो तो म्हणूनच.

क्लचवर येणारा ताणही इथे वेगळा असतो. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत चालकाने ॲक्सिलरेटर देऊन क्लच झटकन सोडला, तर पुढची चाके जागच्या जागी फिरतात आणि जास्तीचा जोर तिथे निघून जातो. चारही चाके ओढणारी असली की टायर सहसा सुटत नाहीत, मग घसरायला क्लचखेरीज दुसरी जागा उरत नाही. चिखलात, चढावर किंवा ट्रेलर ओढताना अर्ध्या क्लचवर गाडी चालवणाऱ्याची प्लेट लवकर जाते, त्याचे कारण हेच.

तपासणी पेडलपासून सुरू करावी. जुन्या बिगरटर्बो गाड्यांत बऱ्याचदा केबलचा क्लच असतो, इतरांत हायड्रॉलिक. प्लेटचे अस्तर झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटे रिलीज बेअरिंगकडे सरकतात आणि केबलमधली मोकळीक कमी होत जाते. ती पूर्ण संपली की बेअरिंग सतत दाबलेले राहते. प्लेट शिल्लक असूनही क्लच घसरतो आणि बेअरिंगही लवकर मरते. उलट केबल ढिली असेल तर पेडल तळाला टेकले तरी क्लच पुरता सुटत नाही. हे नट फिरवून सुटणारे दोष आहेत.

हायड्रॉलिक क्लचमध्ये आधी बाटली पाहावी. प्लेट झिजल्यावर स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन मागे ढकलला जातो, त्यामुळे बाटलीतली पातळी किंचित चढते. पातळी उतरली असेल तर ती झीज नव्हे, गळती. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या माथ्यावर असल्याने बॉनेट उघडून तो गाठता येतो. त्याचा रबरी टोप बोटाने उलटा करून पाहावा. आत ओल असेल तर सील गेले. मग एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने फोर्क किती सरकतो ते पाहावे. पेडल दोनतीनदा पंप केल्यावर गिअर सुरळीत पडत असेल, तर ओळीत हवा आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून दाब सोडतो आहे. पेडल घट्ट, ओळ कोरडी आणि तरीही फोर्क अपुरा सरकतो, असे असेल तर पेडलचा बिजागर व कंस तपासावा. फोर्क पुरेसा सरकतो आणि तरी क्लच सुटत नाही, तेव्हाच संशय आत न्यावा: पिव्होटच्या जागी झिजलेला किंवा तडकलेला फोर्क, वाकडी प्लेट, गंजलेल्या स्प्लाइन, जाम झालेले पायलट बेअरिंग.

क्लच सुटत नाही याची खूण रिव्हर्स गिअर देतो. इंजिन शांत चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, तीनचार सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, म्हणून आतला शाफ्ट अजून फिरत असेल तर तो खरखरून सांगतो. थांबलेल्या गाडीत रिव्हर्स आणि पहिला निमूट पडतात, पण चालत्या गाडीत एकच ठराविक गिअर ओरडतो, तर दोष त्या गिअरच्या सिंक्रोनायझरचा. क्लचला हात लावू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर उभी राहिलेली गाडी पहिल्या दिवशी क्लच सोडतच नाही, हा आणखी एक प्रकार. तिथे प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. ती बहुधा सुटते, आणि सुटल्यावर काही दिवस थोडी थरथरते.

घसरण तपासायला मोकळा रस्ता लागतो. साधारण ५० किमी वेगाला चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग जागीच राहिला, तर क्लच घसरतो आहे. चढावर हे अधिक स्पष्ट दिसते. चाचणी एकदा करावी, फार तर दोनदा. प्रत्येक वेळी अस्तर जळते आणि वास केबिनमध्ये येतो. घसरणारी प्लेट झिजलेली असेलच असे नाही, तेलाने माखलेलीही असू शकते. या इंजिनांच्या पाठीवर तेल-विलगक झाकण असते. त्याची प्लॅस्टिकची जुनी आवृत्ती वाकते आणि गळते. क्रँकशाफ्टचे मागचे सील हा दुसरा उगम. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे सील गेले तरी तेल क्लचमध्येच उतरते. कोणते तेल आहे हे नाकाने कळते. क्लचच्या कवचाच्या तळाशी जमलेला थेंब बोटावर घेऊन चोळावा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो. एवढ्यावरून कोणते सील मागवायचे ते ठरते.

थरथरीच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. सकाळी थंड आणि दमट हवेत पहिल्या काही उचलींना जुनी सुबारू थोडी थरथरते, गरम झाल्यावर गप्प होते. हा लक्षात ठेवण्याजोगा पण सहन करण्याजोगा प्रकार आहे. कायमची थरथर असेल तर प्लेटआधी पिच स्टॉपर पाहावा. गिअरबॉक्सचा माथा आणि इंजिनामागची भिंत यांना जोडणारा हा आखूड दांडा आहे. दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. बुश फाटला की इंजिन मागेपुढे डोलते आणि प्रत्येक डोलण्याबरोबर क्लच पकडतो-सोडतो. बॉनेट उघडे ठेवून, ब्रेक दाबून, क्लच किंचित उचलायला सांगितले की डोलणे डोळ्यांना दिसते. त्या वेळी गाडीसमोर कोणीही उभे राहू नये. उचलताना एकच ठोका बसत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचे सांधे आणि मधले बेअरिंग तपासावे.

चढावरच थरथरणारी आणि सपाटीवर शहाण्यासारखी वागणारी गाडी असेल, तर हिल होल्डर आठवावा. जुन्या मॅन्युअल सुबारूंत क्लचपासून एक केबल ब्रेकच्या नळीतल्या व्हॉल्व्हकडे जाते. गाडीचे नाक वर असताना व्हॉल्व्हमधली गोळी घरंगळते, आणि क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेकचा दाब धरून ठेवला जातो. ही केबल जास्त ताणली गेली तर क्लच पकडू लागला तरी ब्रेक सुटत नाही. इंजिन ओढते, ब्रेक अडवतो, गाडी थरथरून बंद पडते, आणि चालक शपथेवर सांगतो की क्लच गेला. त्याला गाडी उताराकडे तोंड करून उचलायला लावावी. तक्रार नाहीशी झाली तर केबल थोडी ढिली करणे एवढेच काम आहे.

या सगळ्यांत महागडा घोटाळा व्हिस्कस कपलिंगमुळे होतो. या डब्यात जाडसर सिलिकॉन द्रवात बुडालेल्या चकत्या असतात. एकाआड एक चकती पुढच्या आणि मागच्या बाजूला जोडलेली. दोन बाजूंच्या वेगात फरक पडला की द्रव चकत्यांना बांधून ठेवतो. वय आणि उष्णता यांमुळे कपलिंग कायमचे जखडते. मग वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचे असते ते कापता येत नाही. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी हळू काढली की ती गचके देते, अडखळते, टायर किरकिरतात. चालक अशा वेळी अर्ध्या क्लचवरच असतो, म्हणून दोष क्लचच्या माथी बसतो.

खातरी करायला कोरडी, सपाट, डांबरी जागा पुरते. स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता गोल फिरावे. गचके सुरू झाले की क्लच पूर्ण दाबावा. निरोगी गाडी तशीच लोळत पुढे जाते. जखडलेली गाडी कोणी ब्रेक लावल्यासारखी थांबते. क्लच दाबल्यावर इंजिन चाकांपासून तुटलेले असते, त्यामुळे आता गाडीला जे अडवते आहे ते क्लचच्या पलीकडचेच असणार. एखादा ब्रेक चिकटलेला असला तरी असेच होते. पण तो सरळ जातानाही अडवतो आणि चाकाची रिम तापवतो. गिअरबॉक्स उतरवायला सांगणाऱ्या प्रत्येकाने ही दोन मिनिटांची फेरी आधी मारावी, असे आवर्जून म्हणावेसे वाटते.

कपलिंग जखडण्यामागे अनेकदा टायर असतात. चारही टायरांच्या परिघात पाव इंचाहून, म्हणजे सुमारे ६ मिमीहून, अधिक फरक नसावा असा सुबारूचा दंडक आहे. नक्षीच्या खोलीत हा फरक जेमतेम १ मिमी भरतो. दोन झिजलेले टायर ठेवून दोनच नवे घालायची आपल्याकडची सर्रास सवय या गाडीला मारक ठरते. नक्षीत ५ मिमी फरक असेल तर परिघात ३१ मिमीचा फरक पडतो, सुमारे २.१ मीटर परिघाच्या टायरला तो दीड टक्का होतो. याचा अर्थ दर १०० किमीला पुढच्या-मागच्या चाकांत दीड किमीची तफावत, आणि ती सगळी त्या डब्यातल्या द्रवाने सोसायची. म्हणून क्लचची तक्रार घेऊन आलेल्या गाडीच्या टायरांना मोजपट्टी लावणे हा निदानाचा भाग आहे.

आवाजांचे निदान पेडलच्या पल्ल्यावरून होते. गिअर न्यूट्रल आणि पेडल मोकळे असताना घरघर येते आणि पेडल पूर्ण दाबल्यावरच जाते, तर ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची. पाय नुसता टेकवताच आवाज थांबत असेल, तर रिलीज बेअरिंग आपल्या नळीवर सैल झाले आहे. ही ॲल्युमिनियमची नळी खाचा पडून झिजते आणि तिच्यावर स्लीव्ह चढवून दुरुस्ती करता येते. पाय टेकवल्यावर आवाज सुरू होत असेल, तर बेअरिंगच गेले. गिअरमध्ये क्लच दाबून उभे असताना किंचाळणारे बहुधा पायलट बेअरिंग असते.

चाचणीसाठी एकच चाक किंवा पुढची दोनच चाके जॅकवर घेऊन गाडी गिअरमध्ये चालवू नये. जमिनीवरची चाके ओढतात आणि गाडी जॅकवरून उडी घेते. क्लच वाटेत निकामी झाला, तर पुढची चाके उचलून मागची फरफटत नेणारी टोइंग व्हॅन नाकारावी आणि सपाट पाठीचीच मागवावी. एरवी क्लचच्या खर्चात कपलिंगचा खर्च मिळवावा लागतो.

सर्व बाह्य कारणे निकालात निघाल्यावरच गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावे. बॉक्सर इंजिन ठेंगणे आणि आखूड असल्याने अनेक कारागीर इंजिनच पुढे उचलून घेतात. प्लेट हातात आली की रिव्हेटपासून अस्तराच्या पृष्ठापर्यंतची खोली मोजावी, साधारण ०.३ मिमी उरली असेल तर प्लेट संपली. फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर ते घासून सपाट करून घ्यावे, नाहीतर नवी प्लेटही थरथरेल. एकाच बाजूचे अस्तर झिजले असेल, तर प्लेट स्प्लाइनवर अडकत होती. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा कवचातली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जोडणीपूर्वी पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, फोर्कची पिव्होटची जागा आणि तेल-विलगक झाकण यांचा निकाल त्याच वेळी लावावा. प्लॅस्टिकचे झाकण असेल तर धातूचे बसवावे.