नखाखालचें शल्य

सोलापुरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं सुरू झाली. मागावर तुटलेला धागा सांधणें हें बोटांच्या टोकांचें काम. तेथेंच दुखणें शिरलें म्हणजे विणकराचा संसार अडतो. योगायोग असा कीं, त्याच सालीं वॉर्सा येथील शरीरशास्त्रज्ञ हॉयर यानें रक्तवाहिन्यांच्या एका सूक्ष्म रचनेचें वर्णन प्रसिद्ध केलें. बोटांच्या टोकांशीं कांहीं रक्त केशवाहिन्यांत न शिरतां धमनींतून थेट शिरेंत उतरतें. थंडी-उष्णतेप्रमाणें हा मार्ग मिटतो वा उघडतो आणि शरीराची ऊब राखली जाते.

या चिमुकल्या यंत्रालाच क्वचित् गांठ येते. तिला 'ग्लोमस' गांठ म्हणतात. ती पुष्कळदां नखाखालीं, ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा त्याहूनहि लहान असते. ती बहुधा कर्करोगाची नसते. पण थंड पाणी लागतांच जीव कासावीस होतो. बाहेरून मात्र फार तर एक निळसर ठिपका दिसावा! त्यामुळें कित्येक रोग्यांचीं, विशेषतः स्त्रियांचीं, वर्षानुवर्षें निदानावांचून गेलीं, आणि दुखणें मनाचें ठरलें.

एडिंबरोचा शल्यवैद्य विल्यम वुड यानें १८१२ सालीं त्वचेखालच्या अशा दुखऱ्या गांठींचें वर्णन केलें होतें. त्या कशाच्या घडलेल्या, हें कोडें मात्र शतकभर सुटलें नाहीं. १९२४ सालीं स्ट्रासबुर्ग येथें बारे यानें रोगलक्षणांचा व मासाँ यानें सूक्ष्मदर्शकाखालीं गांठीचा अभ्यास केला, तेव्हां तिचें मूळ त्या रक्तमार्गांत सांपडलें.

पुढें निदानाची युक्ति निघाली ती अगदीं साधी. अमेरिकन शल्यवैद्य लव्ह यानें १९४४ सालीं दाखविलें कीं, टाचणीच्या डोक्यानें नख दाबीत गेल्यास एकाच बिंदूवर रोगी कळवळतो. बिंदु किंचित् चुकला कीं वेदना नाहीं. हिल्ड्रेथ यानें १९७० सालीं दुसरी खूण सांगितली: हात उंच धरून दंडास पट्टा आवळावा, रक्त थांबतांच वेदनाहि थांबते. आतां एम. आर. आय. चित्रांतहि गांठ बहुधा दिसते.

औषधानें ती जात नाहीं. बोट बधिर करून मुळाशीं आवळतात, नख उचलतात, खालचा मांसल थर चिरून गांठ समूळ काढतात व तो थर बारीक टांक्यांनीं शिवतात. कण राहिला तर व्याधि पुन्हां उद्भवते. समूळ निघाली तर वर्षांची वेदना बहुधा थोड्याच दिवसांत सरते.

टाचणी, बर्फ व रक्तदाब मापण्याचा पट्टा हीं साधनें साध्या दवाखान्यांतहि असतात. रोगी ज्या बिंदूवर बोट ठेवतो तेथें खरोखर कांहीं आहे, एवढा विश्वास मात्र वैद्यानें आधीं ठेवावा लागतो.