'यंग इंडिया'ची तबकडी आणि आपला आवाज

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत गाण्याच्या तबकडीचा इतिहास कशाला, असं कोणी विचारील. पण ज्याचा आवाज जपला जातो त्याचाच इतिहास पुढच्या पिढीला कळतो, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

एके काळी रेकॉर्डच्या धंद्यावर विलायती ग्रामोफोन कंपनीचं राज्य होतं. कुत्र्याच्या चित्राची 'हिज मास्टर्स व्हॉइस' तबकडी तिचीच. अशा वेळी १९३५ साली मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीनं 'यंग इंडिया' नावाची देशी तबकडी काढली. हिची तऱ्हाच न्यारी! नामवंतांच्या मागं न लागता हिनं बहुतेक नवख्या, हौशी गायकांना माईकपुढं उभं केलं. सिनेमाची गाणी, शास्त्रीय गायन, लोकगीतं, शिक्षणाचे धडेसुद्धा तिनं छापले. लाखेची दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला तीन मिनिटं. हातातून पडली की तुकडे. वीस वर्षांत दहा हजारांवर ध्वनिमुद्रणं निघाली. १९५५ साली कंपनी बंद पडली आणि सारा ठेवा पांगला. पुढं मुंबईच्या रेकॉर्ड संग्राहकांनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून तो शोधून संगणकावर उतरवला.

आता सालं ध्यानात घ्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. त्याच काळात भीमराव कर्डकांचे जलसे वस्त्या जाग्या करीत होते. रात्रभराचा जलसा तीन मिनिटांच्या तबकडीत मावणार कसा? 'यंग इंडिया' मिटली, अन् वर्षभरानं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्या दीक्षेची गाणी तबकडीवर नव्हे, माणसांच्या कंठावर जगली. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी लोकांनी वहीत उतरवून, पाठ करून गावोगाव नेली. पुढं स्वस्त कॅसेट आली, तेव्हा कुठं प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज घराघरात पोचला.

आज त्या कॅसेटी ट्रंकेत बुरसताहेत. बुलडाणा जिल्ह्यातल्या आपल्या गावांत जुने गायनपार्टीवाले, भीमाचा पाळणा म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आया अजून आहेत. कंपनीचा ठेवा संग्राहकांनी वाचवला. आपला कोण वाचवणार? म्हणून आमची विनंती आहे : कॅसेटी, गाण्याच्या वह्या विहाराच्या वाचनालयात आणून द्या. पोरांनो, आजीचं गाणं मोबाईलवर भरून घ्या, अन् तिचं नाव, गाव, साल लिहायला विसरू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!