परळचा पूल अरुंद का पडला?

परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) ही शेजारशेजारची स्टेशनं, पण दोन वेगळ्या रेल्वेंची. गिरण्या चालू होत्या तेव्हा बहुतेक कामगार भोंगा वाजला की चाळीतून चालतच कामावर पोचायचे. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्या जागी टॉवर आणि ऑफिसं आली. काम परळला, परवडणारं घर मात्र डोंबिवली नाहीतर विरारला! सगळा लोंढा लोकलने येऊ लागला, जिना तोच अरुंद. २९ सप्टेंबर २०१७ला सकाळी पावसात तिथे चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली.

मंडळी, दोष एकट्या पुलाचा नव्हता. इथे कामाला येणारी माणसं राहणार कुठे, उतरणार कुठे, हा हिशोब टॉवर बांधण्याआधी व्हायला हवा होता. टॉवर अजूनही उठताहेत. आता तरी विचारायचं ना?