दाराबाहेर जा, परत आत या

दोन वर्षं जीव ओतून लिहिलेलं माझं मॉड्यूल या आठवड्यात बंद करायचं ठरलं. मीटिंगमध्ये मी तावातावाने भांडलो. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं, की माझ्याकडे मुद्दा एकही नव्हता, नुसता राग होता! मग शनिवारी इंटेलची जुनी गोष्ट पुन्हा वाचायला घेतली.

इंटेल १९६८ साली सुरू झाली ती मेमरी चिप बनवायला. १९७० ची त्यांची ११०३ ही चिप तुफान चालली. पुढे जपानी कंपन्या स्वस्त आणि दर्जेदार मेमरी विकू लागल्या आणि इंटेलला ती परवडेना. पण कंपनीत दोन समजुती पक्क्या होत्या. मेमरीवरच आपलं तंत्रज्ञान घडतं आणि गिऱ्हाईकाला सगळा माल एकाच दुकानात हवा असतो. साहेब मंडळी याच समजुतींवर मोठी झालेली. मग त्यांना दुसरं काय दिसणार?

गंमत म्हणजे कारखान्यातला एक रुक्ष नियम मात्र आपलं काम करत होता. सिलिकॉनच्या ज्या चकतीवर जास्त नफा, तिला आधी जागा. आयबीएमने १९८१ मध्ये पीसीसाठी इंटेलचा प्रोसेसर घेतला होता. नियमानुसार कारखाने हळूहळू प्रोसेसरकडे वळले. थोडक्यात, खालच्या लोकांनी दिशा बदललीसुद्धा, वरच्यांना पत्ता नाही!

१९८५ च्या मध्यावर अँडी ग्रोव्हने गॉर्डन मूरला विचारलं, आपल्याला हाकलून नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर म्हणाला, मेमरी बंद करेल. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि तेच करू, असं ग्रोव्ह म्हणाला.

मला खरी आवडते ती पुढची गोष्ट. इतकं ठरल्यावरही ग्रोव्हच्या तोंडून ते नीट निघेना. मेमरीच्या प्रमुखाला ते जमेना, म्हणून दुसरा माणूस आणला. त्यानेही जी चिप विकायचीच नाही तिचं संशोधन चालू ठेवायची परवानगी मागितली आणि ग्रोव्हने चक्क दिली! हे त्याने स्वतःच १९९६ च्या पुस्तकात कबूल केलंय. शेवटी गिऱ्हाइकांना सांगितलं तेव्हा काही जण म्हणाले, फार वेळ लावलात हो.

किंमत मोठी होती. १९८६ मध्ये १७ कोटी ३० लाख डॉलर तोटा झाला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. १९९२ मध्ये मात्र इंटेल जगातली सगळ्यात मोठी चिप कंपनी झाली.

पण हिशेब दरवेळी तारतोच असं नाही. याच इंटेलने पुढे आयफोनची चिप नाकारली, खर्चाचा मेळ बसेना म्हणून. तो अंदाजच चुकला होता, असं पॉल ओटेलिनींनी २०१३ मध्ये सांगितलं.

असो. माझ्या जागी उद्या नवीन कोणी आला, तर तो ते मॉड्यूल ठेवेल का? उत्तर मला माहीत आहे. सोमवारी टीमला सांगायचंय, तेवढं तोंडातून निघू दे.