पाचवीपर्यंतचे मैदान : जवाहरनगर परिसरातील बालक्रीडा आणि बालकला

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर हे नागपूर–भंडारा महामार्गालगतचे नगर शेती, बाजार किंवा देवस्थान यांच्या आश्रयाने हळूहळू वाढलेले नाही, तर १९६०च्या दशकात संरक्षण उत्पादनासाठी उभारलेल्या आयुधनिर्माणीबरोबर ते वसवले गेले. चीनबरोबरच्या १९६२च्या युद्धानंतरच्या काळात विदर्भात नागपूरजवळ अंबाझरी, चंद्रपूरजवळ भद्रावती आणि येथे भंडाऱ्याजवळ असे दारूगोळा व स्फोटके यांच्याशी संबंधित मोठे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर आखीव रस्ते, निवासस्थाने, शाळा व मैदाने असलेल्या वसाहती आल्या. वसाहतीच्या कुंपणाबाहेर मात्र धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली भातखाचरे, तलाव आणि त्यांच्या आसपासची जुनी खेडी तशीच राहिली. प्राथमिक शाळेतील मुलांचे खेळ आणि त्यांच्या कला यांचा या परिसरातील इतिहास पाहताना हे दोन्ही भाग एकत्र पाहावे लागतात, कारण मुलांच्या खेळण्या-गाण्याला वसाहतीने जागा व वेळापत्रक दिले आणि खेड्यांनी ते शिकवणारी माणसे दिली.

शाळा ही संस्था येण्यापूर्वीही पूर्व विदर्भातील मुलांचे वर्ष खेळांनी आणि सणांनी भरलेले होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून ज्या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात, त्या प्रदेशात आणि नागपूरकडेही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोळा हा मोठ्यांचा, खऱ्या बैलांचा सण, तर तान्हा पोळा हा लेकरांचा. त्यात लाकडी नंदीबैल चाकांच्या पाटीवर उभा केलेला असतो, त्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल आणि गळ्यात घुंगरमाळ असते, आणि तो दोरीने ओढत मुले तोरणाखाली आणतात. या सणाची सुरुवात नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी केली, असे परंपरा सांगते. पोळ्यात बैलांच्या रांगेसमोर ‘झडत्या’, म्हणजे टोमणे मारणारी, यमक जुळवलेली चुरचुरीत पद्ये, मोठ्याने म्हणण्याची चाल आहे, आणि मुले ती ऐकून पाठ करून तान्ह्या पोळ्यात म्हणतात. नंतर नंदी घेऊन घरोघरी जायचे आणि ‘बोजारा’, म्हणजे त्याबद्दलची ओवाळणी, मागायची. वेशभूषा, सजावट, पाठांतर आणि सभाधीटपणा या ज्या गोष्टींना आजच्या शाळा स्वतंत्र स्पर्धांची नावे देतात, त्या सर्व येथे एकाच दिवसात आणि कोणत्याही शिक्षकाविना घडत आल्या आहेत.

मुलींसाठी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणारा भुलाबाईचा महिना होता. शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती मांडून फेराची गाणी म्हणायची आणि झाकून आणलेला खाऊ प्रश्न विचारत ओळखायचा, ही विदर्भातील पद्धत गाणे, ताल आणि तर्क यांचा मेळ घालते. दिवाळीच्या भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरत असे, आणि मंडईच्या रात्री दंडार किंवा खडी गंमत होई. दंडार हे ढोलकीच्या साथीने रांगा करून नाचत-गात, मध्येच सोंगे आणत पुढे जाणारे लोकनाट्य आहे, तर खडी गंमत हा उभ्याने सादर होणारा, शाहिराच्या सवाल-जबाबांवर चालणारा प्रकार. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी या बोलीचा आणि लोककलांचा अभ्यास केल्यामुळे त्यांना साहित्यविश्वात ओळख मिळाली, पण मुलांच्या दृष्टीने या लोककलांचे महत्त्व वेगळे आहे. पहाटेपर्यंत मांडवात बसलेले आठ-दहा वर्षांचे मूल हाच या कलेचा विद्यार्थी होता. त्याला कोणी धडा दिला नाही, तरी चाल, ठेका आणि सोंगाची उभी राहण्याची लकब त्याच्या अंगात उतरत असे.

ब्रिटिश काळातील शाळेने या साऱ्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. भंडारा जिल्हा १८६१मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात होता, आणि तेथील प्राथमिक शाळेचा भर वाचन, लेखन व अंकगणित यांवर होता. शरीराला हालचाल म्हणून जे होते ती मुख्यत्वे कवायत होती, म्हणजे हुकमाबरोबर रांगेत करावयाच्या हालचाली. खेळाला शिक्षण मानण्याचा विचार शाळाखात्याच्या बाहेर वाढला. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या संस्थेतून पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, मद्रासला १९२०मध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले, आणि अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. विदर्भातील अनेक शिक्षकांनी व्यायाम, लेझीम आणि देशी खेळ शास्त्रशुद्ध रीतीने शिकवण्याचे प्रशिक्षण अमरावतीच्या मंडळाच्या वर्गांतून घेतले. त्यामुळे खेड्यातला हुतूतू आणि खो-खो नियमांत बांधला जाऊन शाळेच्या मैदानावर परत आला.

१९३७चा ऑक्टोबर महिना या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा, म्हणजे एखाद्या हस्तव्यवसायाभोवती सर्व विषय गुंफणाऱ्या शिक्षणाचा, अभ्यासक्रम तयार केला. नई तालीम, म्हणजे हेच मूलोद्योगी शिक्षण, म्हटले की लोकांना सूतकताईच आठवते, पण त्या अभ्यासक्रमात संगीत आणि चित्रकला हे विषय स्वतंत्रपणे होते आणि शारीरिक शिक्षणालाही स्थान होते. प्राथमिक वयाच्या मुलासाठी गाणे, रेखाटणे आणि खेळणे हे अभ्यासाचेच भाग आहेत, असे भंडाऱ्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्यात तेव्हाच लिहिले गेले. मध्य प्रांताच्या सरकारने १९३८मध्ये रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजनाही पुढे आणली, ज्यात दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातील शाळा चालवण्याची कल्पना होती. या योजनेला दीर्घ आयुष्य लाभले नाही. १९४८नंतर ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार जनपद सभा या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषद हीच खेड्यातील प्राथमिक शाळेची पालक झाली.

जिल्हा परिषद आणि आयुधनिर्माणी या दोन्ही संस्था एकाच दशकात या परिसरात आल्या. वसाहतीत देशाच्या अनेक प्रांतांतील कुटुंबे राहावयास आली, आणि बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय विद्यालयांच्या साखळीतील एक शाळा पुढे येथेही आली. केंद्रीय विद्यालयाच्या पद्धतीत खेळ आणि कला यांना वेळापत्रकात तासिका असते. मुलांची शिवाजी, टागोर, अशोक आणि रामन अशा नावांच्या सदनांत वाटणी होते, आणि गायन, कथाकथन, चित्र, वेशभूषा, धावणे या साऱ्यांचे गुण सदनाच्या खात्यात जमा होतात. रोजच्या प्रातःसभेत सुविचार, बातम्या, नवा शब्द आणि एखादा विशेष कार्यक्रम सादर करण्याची पाळी लहान वर्गांवरही येते. यात शिस्त आहे आणि सातत्यही आहे, आणि लाजाळू मुलालाही पाळी चुकवता येत नाही, हा या पद्धतीचा खरा गुण होय. मात्र तिचा कार्यक्रम देशभर सारखाच असल्यामुळे कुंपणापलीकडच्या दंडारीला किंवा झडतीला त्यात आपोआप जागा मिळत नाही. ती स्थानिक शिक्षकाने मुद्दाम करून द्यावी लागते.

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये वर्षभराच्या तासिकांपेक्षा वर्षातून एकदा येणारे बालक्रीडा संमेलन अधिक महत्त्वाचे ठरले. धानाची कापणी-मळणी आटोपलेली असते आणि वार्षिक परीक्षा अजून दूर असते, अशा हिवाळ्याच्या दिवसांत हे संमेलन भरते. आधी केंद्र, म्हणजे जवळच्या काही शाळांचा गट, मग तालुका आणि शेवटी जिल्हा अशा पायऱ्यांनी स्पर्धा चढत जातात. दिवसा धावणे, लांब उडी, कबड्डी व खो-खो आणि संध्याकाळी समूहगान, लोकनृत्य व नाटिका असा त्याचा ठरलेला क्रम असतो. यजमान गावाचे लोक मैदान सपाट करतात, चुन्याच्या रेषा आखतात, पाहुण्या मुलांच्या जेवणाची सोय करतात, आणि कार्यक्रमाला मंडईसारखीच गर्दी करतात. ज्या गावाने मुलांना दंडारीच्या मांडवात शेवटपर्यंत बसू दिले, त्याच गावाने शाळेचा रंगमंचही आपला मानला, म्हणून बालक्रीडा संमेलन टिकले.

लेझीम बसवण्याची रीत पाहिली म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या कामाचे स्वरूप कळते. लेझीम हे लाकडी दांड्याला लोखंडी साखळी आणि चकत्या लावलेले, हालवताच झणकारणारे साधन आहे. शाळेतील लेझिमांची संख्या बहुधा मुलांपेक्षा कमी असते, म्हणून आधी रिकाम्या हातांनी, तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजत हालचाली बसवल्या जातात, मग तुकड्या करून लेझीम हातात दिली जाते, आणि सर्वांचा ठोका एकाच वेळी पडू लागला की ढोल किंवा हलगीची साथ मिळते. तिसरी-चौथीच्या मुलाला डावा पाय आणि उजवा हात यांचा मेळ घालायला कित्येक दिवस लागतात. हे सारे ज्या शिक्षकाने करावयाचे, त्याच्याकडे भाषा, गणित, नोंदवह्या आणि अनेकदा दोन वर्ग एकाच वेळी असतात.

शाळेच्या रंगमंचाने आणखी एक बदल घडवला, ज्याची नोंद स्थानिक इतिहासात पुरेशी झालेली नाही. दंडारीत आणि खडी गंमतीत स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच करीत. प्राथमिक शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र मुलगी स्वतःच्या रूपाने गावासमोर नाचली, गायली आणि संवाद बोलली, आणि खो-खोच्या पाटीवर ती पालकांच्या देखत धावली. लहान वयामुळे तिला विरोध झाला नाही, आणि ती मोठी होईपर्यंत गावाच्या नजरेला ते दृश्य परिचित झाले होते. झाडीपट्टीच्या सामाजिक इतिहासात या साध्या घटनेला मोठे स्थान द्यावे लागेल.

धोरणाच्या पातळीवर मात्र प्राथमिक वयाच्या वाट्याला बहुतेक वेळा शब्दच आले. १९६४–६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला, १९७७च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवले, राज्याच्या अभ्यासक्रमांत कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण हे विषय आले, आणि २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात त्यांची नोंदही होऊ लागली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील भिंत काढून टाकण्याचे ठरवले, तर महाराष्ट्राने २०२४मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. शालेय क्रीडास्पर्धांची राष्ट्रीय उतरंड मुख्यत्वे चौदा वर्षांखालील गटापासून सुरू होत असल्याने आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तेथे व्यवहारात स्थान नाही, आणि हे एका अर्थी चांगलेच आहे, कारण या वयात निवड करून बाकीच्यांना बाहेर ठेवण्यापेक्षा सर्वांना खेळवणे श्रेयस्कर असते. परंतु सर्वांना खेळवण्यासाठी खेळवणारा लागतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्याची अनुसूची येथे काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे, असे ती सांगते. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक, म्हणजे त्या विषयाचे खास शिक्षक, देण्याची तरतूदही ती करते, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि पट शंभराहून अधिक असेल तेव्हाच. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी अशा शिक्षकाचा उल्लेख तीत नाही. ज्या वयात ठेका, तोल आणि आवाज घडतो, नेमक्या त्याच वयाला कायद्याने तज्ज्ञ माणूस नाकारला आहे. जवाहरनगरच्या आसपास दंडारीचे आणि खडी गंमतीचे जाणकार कलावंत अजून आहेत, अमरावतीच्या परंपरेत तयार झालेले क्रीडाशिक्षक विदर्भात आहेत, आणि शाळांचे केंद्र ही तयार यंत्रणाही आहे. प्रत्येक केंद्रामागे पहिली ते पाचवीसाठी एक क्रीडाशिक्षक आणि एक कलाशिक्षक नेमणे, आणि त्या नेमणुकीत स्थानिक कलावंतांना मानधनावर घेणे, ही मागणी भंडारा जिल्ह्यातील पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी आता ठरावाच्या रूपाने जिल्हा परिषदेपुढे ठेवली पाहिजे.